रिकामी किक

किक रिकामी गेली.
अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी मोजावी
तसं पोटात हललं.

दारातल्या खुर्चीतून अण्णा म्हणाले,
"पेट्रोल हाय का?"

दोन बॅगा घेऊन विट्याहून परत आले
त्याला चैत्रात वर्ष झालं.
तेव्हापासून माझ्याशी त्यांचं हे पहिलं वाक्य.

टाकी हलवली. आत खळखळलं.
"हाय."
"कॉक फिरवलास?"
"फिरवला."
"कार्ब्युरेटरचं बटण दाब. बोटाला लागंस्तोवर."
लागलं.
"मार आता."

येझदीला एकच दांडी, किकची आणि गिअरची.
आत दाबून उलटी वळवली की किक,
गाडी सुरू झाली की पुढं लवंडून तीच गिअर.
लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गाड्यांना असं असतं,
जिनं उठवायचं तिनंच पुढं न्यायचं.

सात किका. चार रिकाम्या.
उरलेल्या तिन्हींना दोन्ही सायलेन्सर नुसते खोकले.
आठवी उलटी आली, थेट नडगीवर.
मी तोंडातल्या तोंडात जे बोलले
ते त्यांच्याकडूनच शिकलेलं.
ते हसले नाहीत.
"प्लग काढ."

प्लग ओला, काळा.
पकडीत धरून आत नेला,
चहाचं पातेलं उतरवून त्याच शेगडीवर भाजला,
सुईनं काजळी खरवडली.
मग कॅप लावून फिनला टेकवला, हातानंच किक दाबली.

"करंट?"
"येतोय."
"रंग सांग की."
"तांबूस."
"निळा पायजे. पॉइंट घाण झाल्यात. कागद फिरव."

पतसंस्थेच्या जुन्या पासबुकाचं पुठ्ठं फाडून फिरवलं.
गॅप नव्या पोस्टकार्डाएवढी,
हे त्यांनी सांगायच्या आधी
माझी बोटं मोजत होती.

बदललेल्या गुडघ्यावर हात ठेवून
डोळे मिटून ते ऐकत होते.
पेट्रोल, करंट, हवा, दाब.
एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.
उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर
असंच सूत सूत उतरवलं त्यांनी.

विट्याचं मात्र मला असं क्रमानं
कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
पेट्रोल होतं, अण्णा.
करंटही होता, तांबूस.
पायाखाली फक्त
रोज एक पायरी कमी.

निळा आला. तरी किक रिकामी.
"दात झिजल्यात," ते म्हणाले, "आतल्या चकतीचं.
कव्हर खोलल्याबिगार न्हाई व्हायचं.
दस्तगीरकडं न्यायला लागंल."
"ढकलत?"
"उतार हाय की."

ब्रह्मपुरीचा उतार.
मोमिनांचा अर्फात शाळेची बॅग भिंतीला टेकवून मागं लागला.
दुसरा गिअर, क्लच आवळलेला,
नदीकडचा वारा बाहीत शिरलेला,
सोडला.
मागचं चाक एकदा घासलं, अडलं,
आणि इंजिन पेटलं.
धुरात अर्फात दिसेनासा झाला,
ओरडताना तेवढा ऐकू आला.

आता थांबता येत नव्हतं.
वळसा घालून घरावरून आले
तेव्हा अण्णा उभे होते, चौकटीला धरून.
माझा पाय ब्रेकवर गेला.
काय बोलणार होते, मलाच ठाऊक नाही.
त्यांनी हात झाडला,
"थांबू नको! बंद पडंल!
आणि दस्तगीरला सांग, जुनी चकती टाकू नको म्हणावं,
मला बघायची हाय!"

सीपीआरच्या सिग्नलला लाल.
मूठ पिळत उभी राहिले.
शेजारचा रिक्षावाला नाकाला रुमाल लावून म्हणाला,
"ताई, जरा कमी करा की."

"नाही जमायचं," म्हटलं.